स्ट्रगल दिसला पाहिजे

“आईची साडी जरा मळकट करा,” सर म्हणाले. मी माउसवरचा हात काढला.

नाशिकला कॉलेज रोडवर माझं फ्लेक्सचं दुकान आहे. निकाल लागले की क्लासवाल्यांची झुंबड उडते. हे सर समोरच्याच क्लासचे. त्यांची विद्यार्थिनी मनीषा सुरगाण्याकडची. तिचा मेडिकलला नंबर लागला होता. मायलेकींचा फोटो समोरच्या चौकात झळकणार होता. आईनं त्यासाठी ठेवणीतली हिरवी साडी नेसली होती, अंबाड्यात अबोली माळली होती. मागे नवं स्लॅबचं घर. दृष्ट काढावी असा फोटो.

“चांगला तर आहे, सर.”

“तोच प्रॉब्लेम आहे. स्ट्रगल दिसत नाही ना, भाऊ! घराच्या जागी झोपडी टाका. डोक्यावर मोळी द्या.”

माझं डोकंच सटकलं. स्ट्रगल म्हणजे धडपड, झुंज, एवढं इंग्रजी मलाही येतं. सरच मघाशी सांगत होते, ही बाई घरची भात-नागली उरकली की दर वर्षी इकडे द्राक्षबागांवर कामाला येणार, त्यावर पोरगी शिकवणार. हा स्ट्रगल. पण एसी बंद पडला तरी ‘काय स्ट्रगल आहे यार’ म्हणणाऱ्या माणसाला तो फक्त फाटक्या साडीतच दिसतो!

“मी नाही करणार. मनीषाला विचारलंत का?”

“तिला काय विचारायचं? फोटो तिनंच पाठवलाय.”

ऑर्डर गेली. पुढच्या गल्लीतल्या फ्लेक्सवाल्यानं सगळं हवं तसं करून दिलं आणि फ्लेक्स माझ्या दुकानासमोरच लागला.

एका सकाळी मनीषा आईला फ्लेक्स दाखवायला घेऊन आली. आई त्याच हिरव्या साडीत. मी दारात उभा होतो. मान वर करून तिनं फ्लेक्स निरखला.

“ही तू हायेस,” ती लेकीला म्हणाली. “पन तुझ्या बाजूला ही बाई कोन हाय?”

मनीषा लालबुंद झाली. तडक क्लासचा जिना चढली. तिचा आवाज रस्त्यापर्यंत आला. “सर, तो फ्लेक्स आत्ताच्या आत्ता उतरवा! ती माझी आई नाही. माझी आई खाली उभी आहे.”

ॲडमिशनचे दिवस. जिन्यात पालक उभे. सरांनी निमूटपणे फ्लेक्स उतरवायला माणूस चढवला.

तोवर आईला सगळं उमगलं होतं. तिनं पदर नीट केला आणि मला विचारलं, “भाऊ, माझ्या साडीत काय वाईट व्हतं?”

 माझा राग अजून उतरलेला नाही.

छपाईआधी जो नमुना दाखवतात त्याला आमच्यात प्रूफ म्हणतात. तो ऑर्डर देणाऱ्याला पाठवायची रीत आहे. मी आता आधी फोटोतल्या माणसाला पाठवतो. क्लासवाले हल्ली माझ्याकडे कमी येतात.