वरच्या मजल्यावरचा शिंपी

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावाला शहर म्हणायची पद्धत होती, पण ते फार सावकाश वाढत होतं. आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला त्या सुमारास कापसाचा बाजार मधल्या चौकातून उठून गावाबाहेर गेला आणि चौक ओस पडू लागला. चौकात बैलांसाठी दगडी हौद होता, त्याच्या बाजूला एक कडुनिंब, आणि निंबाखाली माझ्या वडिलांची शिवणाची मशीन.

वडिलांच्या धंद्याची एक रीत होती. खेड्यावरचा शेतकरी सकाळी गाडी सोडायचा, बैलांना पाणी पाजायचा आणि बंडीचं कापड वडिलांच्या हाती द्यायचा. शेजारी नालबंद चाचा बैलांच्या खुरांना नाल ठोकत. बैल विसावा घेत, माणूस बाजार करी आणि चार वाजता बंडी तयार असे. ती अंगात घालूनच तो गाडी जुंपायचा. ‘उद्या या’ असं वडील गिऱ्हाइकाला कधी म्हणाले नाहीत. या बंड्यांवरच मी यवतमाळला मॅट्रिक आणि अमरावतीला बी.ए. झालो. आमच्या घरात पहिलाच. ते ऋण मी आजही मानतो.

बी.ए. होऊन आलो आणि नगरपालिकेत कारकून म्हणून लागलो. चौक पुन्हा भरावा म्हणून तिथे दुमजली बाजार बांधायचं तेव्हा ठरलं होतं. हौद बुजवून तिथे बगीचा, कारंजं आणि भोवती लोखंडी कठडा. कोणता धंदा कुठे बसवायचा याची यादी साहेबांनी मला करायला सांगितली. मी ती मन लावून केली. एका बुधवारी वही घेऊन चौकात गेलो, दुकानं पाहिली, जागा मोजली. धान्य, लोखंड, तेल हा जड माल खाली ठेवला. शिंपी, घड्याळजी, चष्मेवाले वर. कागदावर त्यात कुठेही खोट नव्हती.

वडिलांनी एवढंच विचारलं, “बैल कुठी बांधतीन?”

“बाहेर जागा आहे, बाबा.”

“अन् माणूस?”

“तो वर येईल. जिना आहे ना.”

ते पुन्हा मशीनकडे वळले. माझ्या बी.ए.वर माझ्यापेक्षा त्यांचाच विश्वास जास्त होता.

नवा बाजार उघडला तेव्हा गावातली माणसं जिना चढून वर आली, सज्ज्यातून खाली पाहिलं आणि उतरून गेली. खेड्यावरची माणसं जिन्याच्या पायथ्याशीच थांबली. जिन्याला गुळगुळीत शहाबादी फरशी होती. अशा फरशीवर ती फक्त देवळात किंवा कचेरीत गेलेली, त्यामुळे हात आपोआप वहाणांकडे जाई. मग वहाणा कुणाच्या भरवशावर ठेवायच्या, आणि दूर बांधलेल्या बैलांकडे कोण पाहणार?

“ओ शिंपीबाबा, वहाना कोनापाशी ठेवू?”

“घालूनच या ना वर!”

“फरशी खराब होते ना बाप्पा!”

असं म्हणून माणूस परत फिरे. चाचा तर आधीच गावाबाहेर कापसाच्या बाजारात गेले होते. एकदा ते धापा टाकत वर आले.

“भाऊ, तुमी तं आभाळात दुकान लावलं! गिऱ्हाईक बैलाच्या मागं येते. बैल जिना चढते का? चला मायासंगं. तिकडं बाभळीखाली जागा हाये.”

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. “पोरानं यादी केली हाये. तिले खोटी कशी पाडू? दिवाळीवरी पाहतो. नाही जमलं तं मशीन इकून टाकतो.”

त्या दिवसापासून दिवाळी जवळ येणं मला नको वाटू लागलं.

त्यातच बाजाराच्या दिवशी लोक बगीच्याच्या कठड्याला बैल बांधू लागले. बैलांनी मेंदीचं कुंपण खाल्लं, गुलाबही खाल्ले. चार जोड्या कोंडवाड्यात गेल्या. कठड्याची उंची वाढवावी अशी टिपणी लिहायला साहेबांनी मला सांगितलं. लिहिण्याआधी मी एका रविवारी सकाळपासून चौकात उभा राहिलो. आमचा आठवडी बाजार चौकात रविवारी भरे आणि तीच कचेरीची सुट्टी. म्हणून पहिल्या वेळी मी बुधवारी गेलो होतो. ज्या चौकात मी लहानाचा मोठा झालो, त्याची मोजणी मी तो रिकामा असताना केली होती.

मी टिपणी लिहिली. कठडा काढावा, हौद पुन्हा बांधावा, शिंप्यांना खाली जागा द्यावी.

साहेबांनी विचारलं, “वडिलांसाठी लिहिलंय का हे?”

“हो साहेब. पण यादी माझीच होती आणि ती चुकली, म्हणूनही.”

त्यांनी तिसरी ओळ खोडली आणि बाकी कागद पुढे पाठवला.

दसऱ्याच्या आत एका बाजूचा कठडा निघाला आणि सिमेंटचा हौद झाला. पुढच्या रविवारी आर्णीच्या रस्त्याने आलेल्या गाड्या चौकात सुटल्या. खालून कुणी तरी हाक मारली. वडील गळ्यात टेप अडकवून खाली उतरले, हौदापाशी माप घेतलं आणि कापड घेऊन वर गेले. चार वाजता बंडी घेऊन परत खाली. त्या दिवशी पाच बंड्या झाल्या. मशीन विकायचा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

नव्या बांधकामाने चौक जिवंत झाला का, असं मला पुढे पुष्कळांनी विचारलं. रविवारपुरता झाला, एवढंच मी सांगू शकतो. चाचाही रविवारीच येत. बाकीचे दिवस वरचे गाळे रिकामे राहत. पुढे घड्याळजी गेला आणि त्याच्या गाळ्यात कुणी तरी रिकामी पोती ठेवली. वडील मात्र साठी उलटली तरी जिना चढत-उतरत राहिले. मी तीनदा अर्ज केला, पण खालचा गाळा त्यांना मिळाला नाही.

एका रविवारी संध्याकाळी ते पायरीवर बसून गुडघे चोळत होते. मी म्हणालो, “बाबा, तुम्हाला वर मी पाठवलं. चुकलं माझं.”

त्यांनी हौदाकडे पाहिलं. नवी बंडी घातलेला एक माणूस गाडी जुंपत होता.

“चार वाजता झाली ना त्याची बंडी?” ते म्हणाले. “मंग? हात दे, उठव मले.”