झुंबरबाई नाटकाला येते

पारनेरकडच्या झुंबरने लग्नाआधी आणि लग्नानंतरही तमाशा फक्त ऐकला होता. गावच्या जत्रेत फड उतरला की पुरुष मैदानात जायचे आणि बायका दार लोटून आत बसायच्या. ढोलकी ऐकू यायची, लोक कुठे हसतात तेही कळायचं. का हसतात ते मात्र दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर, आणि तेही अर्धंमुर्धं. एकदा ती परसातल्या भिंतीवर चढताना सासूला सापडली. तेव्हापासून जत्रा आली की सासू तिला नजरेआड होऊ देत नसे.

पासष्ट साली तिचा नवरा पंढरी तारापूरच्या वीजकेंद्राच्या बांधकामावर फिटरच्या हाताखाली लागला आणि दोघं बोईसरला आली. स्टेशनजवळच्या चाळीत एक खोली मिळाली. मूलबाळ नव्हतं. पंढरी सकाळी ट्रकमधून जायचा तो दिवेलागणीला धुळीने पांढरा होऊन यायचा. समुद्राचा खारा वारा आणि शेजारपाजारी सुकवलेल्या बोंबलांचा वास, दोन्हीची सवय व्हायला झुंबरला वर्ष लागलं. पण शेजारीण चांगली मिळाली. राहीबाई जवळच्याच नवापूरची, दर्यावरच्या माणसांतली. तिचा नवरा रेल्वेत खलाशी होता, आणि तिच्या भावाचा मुलगा दादू शिकायला तिच्याकडे राहत होता.

त्या थंडीत शाळेचं स्नेहसंमेलन होतं. राहीबाई म्हणाली, "चल गो झुंबरबाय, आमचा दादू राजा झालाय नाटकात."

झुंबर म्हणाली, "बायकांनी बघितलं तर चालतं?"

"शाळंतला नाटक हाय तो. बायकांना निराळी जागा ठेवलेली असते."

पंढरीला विचारलं तर तो जेवता जेवता म्हणाला, "जा की. हितं तुला कोण बघतंय?" हे वाक्य तिला इतकं आवडलं की तिने त्याला न मागता आणखी एक भाकरी वाढली.

संमेलन संध्याकाळी होतं. शाळेच्या मैदानात बांबूचा मांडव, पुढे पाहुण्यांच्या खुर्च्या, बाजूला बायकांसाठी ताडपत्री. पडदा उघडला आणि झुंबर जी पुढे सरकली ती समोरच्या बाईच्या पाठीला टेकलीच. दादू सिंहासनावर बसला होता. अंगात कुणाच्या तरी साडीचा झगा, डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट, ओठावर झुबकेदार मिशी. समोर बांधून आणलेला गुन्हेगार. दादू उठला, हात वर करून गरजला, "याला हत्तीच्या पायी द्या!" आणि मिशीची एक बाजू सुटून हनुवटीवर लोंबू लागली.

मांडवात सगळ्यांना दिसलं. पण पुढे प्रमुख पाहुणे बसलेले, मास्तर डोळे वटारून उभे, त्यामुळे लोकांनी ओठ दाबून धरले. नाटक बघताना हसू दाबायचं असतं हे झुंबरला कुणी सांगितलं नव्हतं. ती हसली, आणि तिचं हसणं म्हणजे शेतातून बांधावरच्या माणसाला हाक मारावी तसं, मोकळं आणि मोठं. मग कोण थांबतंय? पोरं हसली, बायका हसल्या, पाहुणेही रुमाल तोंडाला लावून हसले. दादू तसाच उभा राहिला. त्याला पुढचं वाक्य आठवेना. मागून कुणीतरी सांगत होतं तेही ऐकू येईना. शेवटी पडदा ओढला.

घरी परतताना राहीबाई भरभर पुढे चालत राहिली. चाळीच्या दाराशी आल्यावर मात्र म्हणाली, "पोराचा पार मातेरा केलास तू. नाय हसली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"मी कुठं मुद्दाम हसले? आलं हसू."

"तुझा कुणी असता त्या जागी, तर आलं असतं?"

तो प्रश्न झुंबरला वर्षभर लागून राहिला. कारण राहीबाईने तिच्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच. आडावर दोघी समोरासमोर यायच्या, पोहरे वर यायचे, आणि दोघी आपापल्या वाटेने जायच्या. पंढरी म्हणाला, "एकदा माफी माग आन् मोकळी हो." ती म्हणाली, "हसल्याची माफी कशी मागत्यात? परत तशी मिशी लोंबली तर परत हसंन मी."

पुढल्या वर्षी दिवाळी झाली आणि एका दुपारी दादूच दारात येऊन उभा राहिला. तो आता अकरावीत होता, आवाज फुटला होता.

"मावशी, एक विचारू? मागच्या साली तू मिशीमुळेच हसलीस ना?"

झुंबर तांदूळ निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं. "मिशीमुळंच. पर खरं सांगू का, त्याच्या आधीबी तू मला राजा वाटला न्हाईस."

दादूचा चेहरा उतरला, पण तो गेला नाही. "मग काय वाटलो?"

"पाठ केलेलं म्हणून दाखवणारं पोरगं."

दादू उंबऱ्यावर बसला. म्हणाला, "तालमीला येशील? सगळे नुसते छान छान म्हणतात. मास्तरांना मी विचारलंय."

"तुझ्या आत्याला विचारलंस का?"

"तिला कशाला सांगू?"

सावे मास्तरांनी या वर्षी स्वतः नाटक लिहिलं होतं. एका म्हाताऱ्या नाखव्याचं. मुलगा कारखान्यात नोकरीला लागतो, दर्यावर जायला कुणी उरत नाही, आणि शेवटी होडी विकली जाते. दादू म्हातारा झाला होता. दहावीतला बन्सी सून झाला होता.

झुंबर दुपारची कामं आटोपून वर्गाच्या मागच्या बाकावर जाऊन बसू लागली. पहिल्या दिवशी पोरं अवघडली. मास्तरांनी विचारलं, "कसं वाटलं बाई?" तर ती म्हणाली, "सून अशी धपाधपा चालती व्हय? घर हादरतंय." बन्सी लाजला आणि सगळे हसले. दादूला ती म्हणाली, "तू बोलायला लागलास की तुझं हात कुणा दुसऱ्याचं असल्यागत लोंबत्यात." तिचं सगळंच पटण्यासारखं होतं असं नाही. मुलाने बापाला उलट उत्तर देणं तिला मुळीच खपलं नाही. ते काढूनच टाका, असं तिने बजावलं. मास्तर हसून म्हणाले, "बाई, ते काढलं तर नाटक कशाचं?" शेवटच्या प्रवेशावर तर ती अडूनच बसली. होडी विकल्यावर म्हातारा एक अक्षर न बोलता दोर गुंडाळत बसतो, एवढाच तो प्रवेश.

"बोलत का न्हाई त्यो? रडावं, वराडावं, शिव्या द्याव्यात. नुस्ता दोर गुंडाळत बसला तर लोक उठून घरी जातील, सांगून ठेवते."

"आमचा आजा असाच बसायचा," दादू म्हणाला.

"आसंल. पर त्याला बघायला मांडव घातला नव्हता."

मास्तरांनी प्रवेश बदलला नाही.

संमेलनाच्या दिवशी आधी एक फार्स होता, आणि बन्सी त्यातही होता. पडद्याआड जाण्याआधी तो धावत ताडपत्रीपाशी आला. "मावशी, आमच्या फार्सला हसायचं हं! तुम्ही हसलात की सगळे हसतात."

"हसू आलं तर हसंन," झुंबर म्हणाली.

फार्समध्ये एक जण सारखा पडत होता आणि दुसरा त्याला उचलत होता. पोरांची नजर पुन्हा पुन्हा तिच्याकडे वळत होती. तिने मनापासून प्रयत्न केला, पण हसू काही आलं नाही. ती गालाला हात लावून बसून राहिली आणि फार्स कसाबसा संपला.

मग नाखव्याचं नाटक लागलं. नवापूरहून दादूचे आईबाप आणि भावकीतली माणसं आली होती. राहीबाई त्यांच्यात, झुंबरपासून लांब बसली होती. पहिला भाग झुंबरला पाठच होता. ती मनातल्या मनात चुका काढत होती. सून आता बेताने चालत होती. मधला भाग मात्र लांबला आणि मागची पोरं चुळबुळू लागली. झुंबरला वाटलं, झालं, आता उठणार लोक.

शेवटच्या प्रवेशात दादू एकटा उरला. तो खाली बसला. त्याने दोर हातात घेतला आणि कोपराला वेढा देत सावकाश गुंडाळू लागला. एक वेढा, मग दुसरा. तालमीत तो हे भरभर करायचा. आज दोर ओला आणि जड असावा तसे त्याचे हात चालत होते. मध्येच गाठ आली. त्याने ती सोडवली, पुन्हा वेढा घातला. नवापूरची माणसं पुतळ्यासारखी बसली होती. मागची पोरंसुद्धा गप्प झाली. झुंबरला रडू आलं आणि का ते तिला कळेना. तिच्या ना माहेरी ना सासरी कुणी होडी पाहिलेली. पदराने डोळे पुसताना तिच्या लक्षात आलं की आपण चुकलो होतो.

पडदा पडला. गर्दी उठायला लागली तशी राहीबाई वाट काढत तिच्यापाशी आली. वर्षभराने ती आपणहून जवळ आली होती. बोलायला तिला जड जात होतं.

"कसा झाला गो?"

दादूचे आईबाप, भावकी, सगळी ऐकत होती. 'लय चांगला' म्हणून मोकळं होणं सोपं होतं. झुंबर म्हणाली, "मधी लांबलं. पोरं कंटाळली. पर शेवटाला मी म्हणत होते लोक उठतील, आन् माझ्याच्यानंच उठवंना. म्हातारा खरा झाला दादू."

"मदी लांबला, ते मलाबी वाटलं," राहीबाई म्हणाली. मग नवापूरच्या माणसांकडे वळून तिने सांगितलं, "ही आमची शेजारीण. तोंडानं फटकळ हाय, पण खोटा नाय बोलणार." दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ताटलीत सुके बोंबील आणून दिले. झुंबरला ते अजूनही आवडत नव्हते. तेही तिने सांगितलं, आणि ठेवून घेतले.

दादू मॅट्रिक झाला आणि केंद्राच्या गोदामात कारकून लागला. नाटकात त्याने पुढे काही केलं नाही. होळीला नवापुरात पोरांचं नाटक बसवायचा तेवढंच. झुंबरबाई मात्र नाटकाला जात राहिली. पालघरला, सफाळ्याला, कुठल्या शाळेचं संमेलन असलं की कुणीतरी तिला निरोप द्यायचं. बोलावणारे तिच्यावर चिडायचेही. पालघरच्या एका मास्तरीणबाईने तर तिला स्पष्ट सांगितलं की मुलांचं मन मोडू नका. झुंबर त्या दिवशी गप्प बसली, आणि बसमध्ये राहीबाईला सगळं नाटक पुन्हा करून दाखवलं. पंढरी एकदाच आला होता. पहिल्या अंकातच त्याला झोप लागली.

एकोणसत्तर साली पंढरीला केंद्रात कायम केलं आणि वसाहतीत दोन खोल्या मिळाल्या. तिथल्या शाळेच्या पहिल्याच संमेलनात झुंबरबाई साहेबांच्या बायकांच्या मागे बसली होती. एक बारकी मुलगी पुढे येऊन काहीतरी पुटपुटत होती. सगळे कौतुकाने बघत होते.

"पोरी, आवाज येत न्हाई," झुंबरबाई मागून म्हणाली.

पुढच्या बायकांनी माना वळवल्या. मुलीने एकदा तिच्याकडे पाहिलं, श्वास घेतला आणि तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून, मोठ्याने म्हटलं.