लेकीला बघायला बेझान्सोंला

मुलगा गेला त्या हिवाळ्यानंतर आमच्या अमेरिकेतल्या, नेपरव्हिलच्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. बर्फावरून त्याची गाडी घसरली होती. पुढच्या उन्हाळ्यात मुलगी फ्रान्समधल्या बेझान्सोंला शाळेत इंग्रजी शिकवायला निघून गेली, आणि हळूहळू तिनं फोन घेणंच बंद केलं. नवरा म्हणाला, तिला थोडा वेळ दे. माझ्यानं राहवेना. तिकीट काढलं आणि विमानात बसल्यावर तिला मेसेज केला, हॉटेलचा पत्ताही टाकला.

उत्तर आलं नाही. तिची शाळा माहीत होती, पण फाटकाशी जाऊन उभं राहायचा धीर होईना. म्हणून गावात नुसती भटकत राहिले. नदीनं गावाला जवळजवळ पूर्ण वेढा घातलाय. उरलेल्या बाजूला डोंगर आणि त्यावर किल्ला. घरं निळसर-करड्या दगडाची. एके काळी इथं गल्लोगल्ली घड्याळं बनायची म्हणे. कॅथीड्रलमध्ये माणसापेक्षा कितीतरी उंच घड्याळ आहे, ढीगभर तबकड्यांचं. ग्रह, भरती-ओहोटी, दूरदूरच्या गावांच्या वेळा, सगळं त्यात. गाइड फ्रेंचमध्ये समजावत होती, लोक माना वर करून बघत होते, आणि मी हातातला फोन.

दुसऱ्या संध्याकाळी ती हॉटेलवर आली. वाळली होती, केस बारीक कापलेले. खुर्चीच्या कडेवर बसली. जेवतेस का नीट, थंडीचे कपडे आहेत का, मी विचारत गेले. ती इंग्रजीत एकेका शब्दात उत्तरं देत होती. शेवटी मी म्हटलं, "घरी चल गं. मला आता तुझ्याशिवाय कोण आहे?"

ती उठून खिडकीशी गेली. मग मराठीत म्हणाली, "आई, तू माझ्याकडे बघतेस ना, तेव्हा तुला दादाच दिसतो. मला नाही सहन होत."

तसं नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण बघत राहिले तिच्या त्या बारीक कापलेल्या केसांकडेच.

सकाळी स्टेशनवर तिनं माझी बॅग डब्यात चढवून दिली. मी तिचा हात घट्ट धरून ठेवला होता. गाडी सुटायच्या वेळी तिनंच हळूच बोटं सोडवली. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला घरी ये, म्हटलं. "बघते," म्हणाली.

ती आली नाही. त्या दिवशी नवऱ्यानं दोघांपुरता कुकर लावला. मी तिला फोन केला आणि रिंग आपोआप बंद होईपर्यंत कानाशी धरून उभी राहिले.