सहावा दगड

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तलावाकडं तोंड करून कधी जेवल्या नाहीत. नव्या वस्तीत आमचं दार तलावाकडंच उघडतं, म्हणून त्या उंबऱ्याकडं पाठ करून भाकरी खात. कुणी वाट विचारली की पाण्याखालची वाट सांगत, "चिंचंपासून वढ्यात उतर." चिंच, ओढा, सगळं बुडालेलं. ओढ्यापलीकडचं माझ्या नणंदेचं घर पूर्वी हाकेच्या अंतरावर होतं. आता लोहाऱ्यावरून दोन गाड्या बदलून जावं लागतं.

मी नवी सून असतानाची वेळ अमावस्या मला आठवते. शेताच्या पूजेसाठी रानात कडब्याची कोप घातली होती, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, पाच पांडव, मांडले होते. तेवढ्यात मोजणीवाले आले. त्या दिवशी रानातून कुणी उपाशी जात नाही. आत्याबाईंनीच हाक मारली, "या की लेकरांनो, आंबील प्या. काय करताय म्हणं?"

"नुसतं मोजतोय, मावशी."

पोटभर जेवून जाताना त्यांनी बांधावर एक दगड रोवला, तोही चुन्यानं पांढरा. "पांडवांचा पाव्हणा आला बगा," असं हसत म्हणून आत्याबाईंनी त्यालाही हळदकुंकू वाहिलं, भज्जीचा नैवेद्य ठेवला.

पुढं धरण झालं. पाणी त्या दगडापर्यंत आलं आणि तिथंच थांबलं. आमचं सगळं काळं रान खाली गेलं, दगड कोरडा राहिला.

मालक समजूत घालायचे, "आई, तू पुजला नसता तरी पानी आलंच असतं."

"येऊ दे की. पन म्या जेवू घातलं त्येंला!"

मी चारचौघांत तोंड न उघडणारी. शेवटच्या आजारात त्यांनी मला जवळ बोलावलं. "लई मुकी हाईस तू. पन कुनाच्या हातात टेप दिसला की आदी इचार, कशाला आलाव. मग वाढ."

यंदा वेळ अमावस्येला माळावरच्या नव्या तुकड्यात मी कोप घातली. दुपारी टेप घेऊन तिघं बांधावर आले. एकानं लांबूनच विचारलं, "मावशी, आंबील मिळंल का?"

मी आधी विचारलं, "कशाला आलाव तुमी?"

"काय न्हाई, नुसतं मोजतोय."

मी आंबिलीच्या माठावर फडकं घट्ट बांधलं. सणाच्या दिवशी आमच्या रानातून माणसं उपाशी गेली.