मराठीविना पाठ

आज मंडईत पिकलेल्या पेरूंचा वास आला आणि मी लोणावळ्यातल्या त्या वर्गात जाऊन बसलो. साहेबाच्या राज्यातली गोष्ट. आम्हा इंग्रजीच्या मास्तरांना नवी पद्धत शिकवायला बोलावलं होतं. शिकवताना मराठीचा शब्दही काढायचा नाही. जमलं नाही, तर इंग्रजीचे वर्ग काढून घेणार होते.

आमच्यात सर्वांत वडील गोविंदराव. हयातभर त्यांनी मराठीतून समजावत इंग्रजी शिकवलेलं. समोर जवळच्या वलवण गावची मुलं, मागे परीक्षक. गोविंदरावांनी पेरू उंच धरला. "धिस इज अ ग्वाव्हा," म्हणाले आणि अडले. पुढचं सुचेना. घाम चष्म्यावर ओघळला. पुढचं वाक्य मला येत होतं, पण मध्ये बोलायला बंदी होती. मी बाकाची कड घट्ट धरून बसलो.

पुढच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "मास्तर, लय दमला तुमी. बसा की वाईच."

"होय गं बाळ," गोविंदराव मराठीत म्हणाले आणि खुर्चीत बसले. परीक्षकांनी पाठ तिथंच थांबवला. पुढे गोविंदरावांचं इंग्रजी काढून घेतलं आणि त्यांना बिगारीचा, अगदी लहानग्यांचा वर्ग दिला.

तेव्हा मला त्यांची नुसती कीव आली होती. आज त्यांच्या वयाला पोचल्यावर वाटतं, भरल्या वर्गात त्यांच्याशी बोललं ते एकटं तेवढं पोर.