शेजाऱ्यांनी सोडलेल्या वस्तू

वाशी तेव्हा नवीन वसत होती. आमच्या सोसायटीत शेजारचे गृहस्थ दर महिन्याला एक इच्छा सोडत. "इच्छा गेली की कर्म चिकटत नाही, चित्त शुद्ध होतं," असं सांगून ते आमच्या मधल्या भिंतीला पाठ टेकून ध्यानाला बसत आणि सोडलेली वस्तू आमच्याकडे आणून देत. आधी चहा सोडला, तेव्हा किटली आली. मग आरामखुर्ची, मग लोणच्याची बरणी, मग रेडिओ. त्यांचं चित्त किती शुद्ध झालं देव जाणे, आमच्या वन रूम किचनमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही.

बरं, दिलं म्हणजे सुटलं, तर तेही नाही. संध्याकाळी नाट्यसंगीत लागलं की भिंतीवर टकटक व्हायची. "अहो, आवाज जरा वाढवा ना!"

"तुम्ही रेडिओ परत घेऊन जा हो," एकदा मी वैतागून म्हणालो.

"छे छे! सोडलेलं परत घेतलं तर सगळं ध्यान फुकट."

शेवटी रेडिओचे सेल संपले, ते मी मुद्दाम आणलेच नाहीत. चार दिवस शांततेत गेले. पाचव्या दिवशी ते दारात उभे, हातात नवे कोरे सेल.

"माझ्यासाठी नाही हं. तुमची गैरसोय नको म्हणून. निष्काम कर्म!"

त्यांनीच सेल घातले, स्टेशन लावलं आणि त्या आरामखुर्चीत डोळे मिटून बसले. "आज ध्यान लागणार," असं पुटपुटले.

मी दात-ओठ खात स्वयंपाकघरात गेलो आणि त्यांना न विचारताच दोन कप चहाचं आधण ठेवलं.