उंबरांची तहान

धुळाप्पा धनगर दर उन्हाळ्यात येडशीच्या जंगलात झऱ्यावरचे उंबर छाटून शेळ्यांना पाला घाली. निजामाचा जंगल-शिपाई एका करडाच्या बदल्यात डोळेझाक करी. "झाड बोडकं केलं की पाणी कमी पितंय," धुळाप्पा सांगे. पण उंबर तिथं पाणी, हे गावातलं शेंबडं पोरही जाणत होतं!

एका साली पाऊस कमी पडला, झरा बारीक झाला. खापर फुटलं धुळाप्पावर. बंडप्पा पाटलानं त्याचा उजवा हात दगडावर धरून कुऱ्हाडीच्या उलट्या बाजूनं ठेचला.

पुढच्या साली पाऊस चांगला झाला. न छाटलेले उंबर पानांनी गच्च भरले आणि चैतातच त्यांनी झरा पिऊन टाकला. मग पाटील कुऱ्हाड घेऊन धनगराच्या दारात आला.

"धुळ्या, चल, छाट लवकर."

धुळाप्पानं वाकडा पंजा पुढं केला. "बांधा ह्यात कुऱ्हाड, पाटील."

पाटलानं सुंभ मागवला आणि खरंच बांधली.